कोळंबीचं कवच आणि परीक्षानळीतला पराक्रम

दर काही महिन्यांनी एक बातमी फिरून येते: कोळंबीच्या किंवा खेकड्याच्या टाकाऊ कवचातून म्हणे 'प्रभावी अँटिऑक्सिडंट' मिळालं. सोबत फोटो. एकीकडे कवचांचा ढीग, दुसरीकडे पांढरीशुभ्र पूड. शेवटच्या परिच्छेदात कर्करोग, म्हातारपण आणि सुरकुत्या यांपैकी एकाचा तरी उल्लेख हमखास असतो. आठवडाभरात तीच बातमी कॅप्सूलची जाहिरात होऊन फोनवर येते आणि घरातलं कुणीतरी विचारतं, "हे घ्यायला सुरुवात करू का?"

बातमी बहुधा खोटी नसते. पूड खरी असते, चाचणीही खरी असते. घोळ होतो तो 'परीक्षानळीत दिसलं' आणि 'शरीरात होईल' या दोन वाक्यांच्या मधे. ती मधली वाट बातमीत कुणी चालून दाखवत नाही, म्हणून इथे चालू.

## कवच नेमकं कुणाचं?

इंग्रजीतला 'शेलफिश' हा शब्द फसवा आहे. त्यात दोन अगदी वेगळी कुळं एकत्र कोंबली आहेत. एक कालवं आणि शिंपल्यांचं, दुसरं कोळंबी, खेकडे आणि लॉब्स्टर यांचं. शिंपला जवळजवळ सगळा कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे चुनखडीचा. त्यात सेंद्रिय भाग अगदी थोडा. त्यामुळे अँटिऑक्सिडंटच्या बातम्या येतात त्या मुख्यतः दुसऱ्या कुळाच्या.

त्यांच्या कवचाची बांधणी सिमेंट-काँक्रीटच्या स्लॅबसारखी आहे. लोखंडी सळ्यांच्या जागी कायटिन नावाचा चिवट धागा, त्याला गुंडाळलेली प्रथिनं आणि मधे भरलेली चुनखडी. कवच कोणाचं यावर प्रमाण बदलतं. ढोबळमानानं चुनखडी २० ते ५० टक्के, प्रथिनं २० ते ४० टक्के आणि कायटिन १५ ते ४० टक्के. जगभरात दरवर्षी अशी सुमारे ६० ते ८० लाख टन कवचं कचऱ्यात जातात असा अंदाज आहे. त्यांचं काहीतरी करावं असं संशोधकांना वाटणं साहजिक आहे.

## संगीतखुर्चीतली ढकलाढकल

आता 'अँटिऑक्सिडंट' या शब्दाकडे. रेणूंमधले इलेक्ट्रॉन बहुतेक वेळा जोडीनं राहतात. एखाद्या रेणूत एकटा, बिनजोडीचा इलेक्ट्रॉन उरला की त्या रेणूला मुक्त मूलक म्हणतात. जाहिरातींतले 'फ्री रॅडिकल्स' ते हेच.

संगीतखुर्ची आठवा. गाणं थांबलं आणि एकाला खुर्ची मिळाली नाही. खऱ्या खेळात तो बाद होतो. इथे मात्र तो शेजाऱ्याला ढकलून त्याची खुर्ची बळकावतो. आता शेजारी उभा, तो पुढच्याला ढकलतो, पुढचा त्याच्या पुढच्याला. तेल खवट होतं ते असंच. पेशीच्या आवरणातल्या चरबीचंही असंच बिघडतं.

अँटिऑक्सिडंट हा या खेळातला असा भिडू, जो आपली खुर्ची खुशाल देऊन टाकतो आणि नंतर उभा राहिला तरी कुणाला ढकलत नाही. त्याची रचनाच अशी असते की एकटा इलेक्ट्रॉन तो निवांत सांभाळू शकतो. ढकलाढकल तिथे थांबते.

आणखी एक पद्धत आहे आणि कवचांच्या बाबतीत तीच जास्त महत्त्वाची: खेळ पेटवणाऱ्यालाच धरून ठेवणं. लोह आणि तांबं हे असे पेटवणारे. साध्या हायड्रोजन पेरॉक्साइडची लोहाशी गाठ पडली की हायड्रॉक्सिल मूलक तयार होतं, आणि त्याच्याइतकं दांडगट मूलक जीवरसायनात शोधून सापडायचं नाही. लोहाला कुणी मिठीत धरून ठेवलं तर मुळात ठिणगीच पडत नाही.

मुक्त मूलकं म्हणजे निव्वळ खलनायक, असंही नाही. पांढऱ्या पेशी जंतू मारायला तीच वापरतात. आणि शरीराची स्वतःची राखण आधीपासून आहे. सुपरऑक्साइड नावाच्या मूलकाची विल्हेवाट लावणारं विकर (एन्झाइम) मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी १९६९ मध्ये ओळखलं. ते एक रेणू संपवून थकत नाही, पुन्हा पुन्हा तेच काम करत राहतं. कॅप्सूलमधून आलेला भिडू मात्र खुर्ची दिली की संपला, किंवा त्याला पुन्हा तयार करायला दुसरा कुणीतरी लागतो. हा फरक पुढे कामाला येईल.

## टोपी काढलेली साखळी

कायटिन पहिल्यांदा ओळखलं गेलं ते कवचात नव्हे, अळंबीत. आंरी ब्राकोनो या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८११ मध्ये. १८२३ मध्ये ओदिए यांना तेच कीटकांच्या अंगावर सापडलं आणि त्यांनी त्याला कायटिन हे नाव दिलं. ही साखरेच्या कड्यांची लांबलचक साखळी आहे, झाडांतल्या सेल्युलोजची सख्खी बहीणच. फरक एवढाच की प्रत्येक कडीवर नायट्रोजनचा एक अणू असतो आणि त्यावर ॲसिटिल गटाची टोपी घातलेली असते. टोपी असेपर्यंत कायटिन कशातच सहजी विरघळत नाही आणि कुणाशी फारसं बोलतही नाही. अँटिऑक्सिडंट म्हणून ते जवळपास निरुपयोगी.

१८५९ मध्ये रूजे यांनी कायटिन तीव्र अल्कलीत उकळलं आणि ते सौम्य आम्लात विरघळू लागलं. टोप्या निघाल्या होत्या. निम्म्याहून अधिक टोप्या निघालेल्या या साखळीला आज आपण कायटोसॅन म्हणतो.

ही प्रक्रिया जवळून बघण्यासारखी आहे. कवचं धुऊन, वाळवून भरडतात. भरड्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल ओतलं की चुनखडी विरघळताना कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि फेस सरसरत वर येतो. भांडं लहान घेतलं असेल तर काठावरून उतू जातो. फेस बसल्यावर एखादा तुकडा उचलून बघावा. मघाचा कडक, कुरकुरीत तुकडा आता ओल्या जाड कागदासारखा वाकतो. सळ्या राहिल्या, सिमेंट गेलं. मग सौम्य कॉस्टिक सोड्यात तापवून प्रथिनं काढायची. शेवटी ४० ते ५० टक्के तीव्रतेच्या कॉस्टिक सोड्यात, १०० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून वर, टोप्या उतरवायच्या. बातमीतल्या फोटोत दिसते ती पांढरी पूड अशी तयार होते.

टोप्यांखालून मोकळे झालेले अमिनो गट मूलकांना थोडंफार देऊ शकतात आणि धातूंना, खास करून तांब्या-लोहाला, चांगलं धरून ठेवतात. 'थोडंफार' हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. लांब साखळी स्वतःतच गुंतलेली असते. तिचे गट एकमेकांचे हात धरून बसलेले असतात, त्यामुळे बाहेरच्याला द्यायला मोकळे हात कमी. म्हणून साखळीचे छोटे तुकडे केले, म्हणजेच ऑलिगोसॅकराइड बनवले, की ते पाण्यात विरघळतात आणि अँटिऑक्सिडंट म्हणून जास्त चपळ ठरतात. काही प्रयोगांत तर साखळीवर गॅलिक आम्लासारखा वनस्पतिजन्य पदार्थ चिकटवतात आणि मग आकडे झपाट्यानं सुधारतात. पण अशा वेळी पराक्रम कवचाचा की गॅलिक आम्लाचा, हा प्रश्न बातमीत विचारलेला मला तरी आढळत नाही.

## लाल रंगाची गोष्ट

कवचातला खरा दमदार अँटिऑक्सिडंट कायटोसॅन नव्हे. तो म्हणजे रंग.

कच्ची कोळंबी करडी-हिरवट असते, शिजली की केशरी होते. हा रंग उष्णतेनं तयार होत नाही, तो आधीपासून तिथेच असतो. ॲस्टॅझँथिन हे त्याचं नाव. गाजरातल्या बीटा-कॅरोटीनचा हा भाऊबंद. मोकळं असताना ते ४८० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा-हिरवा प्रकाश शोषतं, म्हणून आपल्याला लाल-केशरी दिसतं. लॉब्स्टरच्या कवचात मात्र क्रस्टासायनिन नावाचं प्रथिन त्याला चिमट्यासारखं पकडून ठेवतं. त्या पकडीत रेणूचा आकार आणि इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलते, शोषण ६३० नॅनोमीटरच्या आसपास सरकतं आणि कवच निळं दिसू लागतं. शिजवल्यावर प्रथिनाची घडी मोडते, चिमटा उघडतो, लाल रंग सुटा होतो. रिचर्ड कून आणि सोरेनसन यांनी लॉब्स्टरमधलं हे रंगद्रव्य १९३८ मध्ये ओळखलं. चिमट्याची बारीक रचना उलगडायला मात्र २००२ उजाडलं.

कोळंबी हे द्रव्य शून्यातून बनवू शकत नाही. मूळ माल सूक्ष्म शैवालाकडून येतो, अन्नसाखळीतून वर चढतो. सामन माशाचं गुलाबी मांसही त्याच्याच कृपेनं.

ॲस्टॅझँथिन लांबट असतं. मधला भाग चरबीत रमणारा, दोन्ही टोकं पाण्याशी जुळवून घेणारी. त्यामुळे पेशीच्या आवरणात ते आरपार, कापडाच्या दोन्ही बाजूंना टोकं काढलेल्या टाचणीसारखं बसतं. चरबीची ढकलाढकल जिथे चालते, नेमक्या त्या जागी.

मग अडचण काय? प्रमाण. कवचातून निघणारं ॲस्टॅझँथिन किलोमागे मिलिग्रॅममध्ये मोजावं लागतं. उलट हिमॅटोकॉकस नावाच्या शैवालात ते कोरड्या वजनाच्या ४ टक्क्यांपर्यंत साठू शकतं. मत्स्यखाद्यात जाणारं बहुतेक ॲस्टॅझँथिन तर कारखान्यात संश्लेषणानं बनतं. आणि एक गंमत: कायटोसॅन पांढरंशुभ्र हवं म्हणून बनवणारे अनेकदा ब्लीच वापरून हाच रंग घालवतात. सगळ्यात चांगला अँटिऑक्सिडंट सांडपाण्यात आणि उरलेल्या पुडीच्या डबीवर 'अँटिऑक्सिडंट'!

## जांभळा रंग उडतो तेव्हा काय सिद्ध होतं?

बातमीतला 'प्रभावी' हा शब्द बहुतेक वेळा एका चाचणीतून आलेला असतो. डीपीपीएच नावाचं मुक्त मूलक बाटलीत मिळतं. इतकं स्थिर की वर्षभर ठेवता येतं, आणि अल्कोहोलमध्ये त्याचा गडद जांभळा द्रव होतो. त्यात तपासायचा अर्क घालायचा, अर्धा तास अंधारात ठेवायचं आणि जांभळा रंग किती फिका पडून पिवळट झाला ते ५१७ नॅनोमीटरला मोजायचं. ब्लॉइस यांनी १९५८ मध्ये मांडलेली ही पद्धत स्वस्त आणि झटपट आहे. म्हणूनच ती जगभरच्या प्रयोगशाळांत आहे.

अर्धा रंग उडवायला किती अर्क लागला, तो आकडा शोधा. तो जितका लहान, तितका अर्क ताकदवान. क जीवनसत्त्वाला मिलिलिटरमागे काही मायक्रोग्रॅम पुरतात. साध्या कायटोसॅनला अनेकदा मिलिग्रॅम लागतात, म्हणजे शेकडो पट जास्त. बातमीत '८० टक्के मूलकं नष्ट' असं लिहिलेलं असतं, किती पूड ओतल्यावर ते लिहिलेलं नसतं.

शिवाय डीपीपीएच शरीरात नसतंच. अल्कोहोलमध्ये विरघळलेलं एक बाटलीतलं मूलक म्हणजे आतडं, यकृत किंवा रक्त नव्हे. अल्कोहोलमध्ये कायटोसॅन धड विरघळतही नाही, त्यामुळे चाचणीच अडखळते. अर्क नीट शुद्ध केला नसेल तर त्यात प्रथिनांचे तुकडे आणि रंगद्रव्यही असतात, आणि त्यांचं श्रेय तिसऱ्यालाच मिळतं. ही चाचणी चाळणी म्हणून उत्तम आहे. शंभर नमुन्यांतून पाच निवडायला ती वापरावी. त्या पाचांना औषध म्हणायला नाही.

## "पण ते तर क जीवनसत्त्वाच्या ६००० पट आहे!"

ॲस्टॅझँथिनच्या जाहिरातीत हा आकडा हटकून असतो. तो एका विशिष्ट मापनातला आहे: सिंगलेट ऑक्सिजन, म्हणजे प्रकाशामुळे चेकाळलेला ऑक्सिजन, शांत करण्याचं मापन. हे काम कॅरोटीन कुळाचं पिढीजात. क जीवनसत्त्वाचं ते कामच नव्हे. ते पाण्यात राहून वेगळ्या मूलकांशी झुंजतं. तबलजी आणि बासरीवाला यांची स्पर्धा लावायची, दोघांच्याही हाती बासरी द्यायची आणि मग 'हा त्याच्यापेक्षा ६००० पट मोठा कलाकार' म्हणून जाहीर करायचं, त्यातला हा प्रकार.

परीक्षानळीतल्या अशा गुणांकांचा दुरुपयोग इतका वाढला की खाद्यपदार्थांच्या 'ओरॅक' गुणांची, म्हणजे परीक्षानळीत मोजलेल्या अँटिऑक्सिडंट ताकदीची, यादी प्रसिद्ध करणाऱ्या अमेरिकेच्या कृषी खात्यानं २०१२ मध्ये ती यादी संकेतस्थळावरून काढूनच टाकली.

## "नैसर्गिकच आहे ना, मग घेतलं तर बिघडलं कुठे?"

या प्रश्नाचं उत्तर ॲस्टॅझँथिनच्या भाऊबंदानं महागात पडून दिलं आहे. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर एक मोठी चाचणी झाली. त्यांतल्या काहींना वर्षानुवर्षं रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन दिलं. फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल अशी अपेक्षा होती. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत तो १८ टक्के जास्त निघाला. अमेरिकेतली तशीच चाचणी, बीटा-कॅरोटीन आणि अ जीवनसत्त्व यांची, १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली. तिथे वाढ २८ टक्के होती.

ॲस्टॅझँथिनही असंच करेल, असा याचा अर्थ नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं प्रौढांसाठी पूरक आहारातून रोज ८ मिलिग्रॅमपर्यंत ते सुरक्षित मानलं आहे. पण परीक्षानळीतला मित्र शरीरातही मित्रच राहील हे गृहीत धरता येत नाही, एवढं या दोन चाचण्यांनी दाखवलं. २००९ च्या एका प्रयोगात तर व्यायामासोबत क आणि ई जीवनसत्त्वांच्या गोळ्या घेणाऱ्यांत इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारलाच नाही, न घेणाऱ्यांत सुधारला. व्यायामात तयार होणारी थोडी मूलकं स्नायूंना 'तयारीला लागा' असा निरोप देत असतात, आणि गोळ्यांनी तो निरोप्याच अडवला होता.

कायटोसॅनची अडचण आणखी साधी आहे. त्याची लांब साखळी आतड्यातून रक्तात जवळजवळ जातच नाही. रक्तातल्या मूलकांशी ती लढणार कशी? ती पोटात राहून काही कामं करते: पित्तातल्या द्रव्यांना आणि थोड्या चरबीला चिकटते. त्याच युरोपीय संस्थेनं रोज ३ ग्रॅम कायटोसॅन आणि कोलेस्टेरॉल यांचा संबंध २०११ मध्ये मान्य केला. पण तो दावा अँटिऑक्सिडंट गुणाचा नव्हे. आणि वजन कमी करण्याबाबत २००८ चा कोक्रेन आढावा, म्हणजे अनेक चाचण्या एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष, सांगतो की चांगल्या दर्जाच्या चाचण्यांत परिणाम अगदी किरकोळ निघाला. चरबीला चिकटणारी गोष्ट चरबीत विरघळणाऱ्या जीवनसत्त्वांनाही चिकटू शकते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय याच्या वाटेला जाऊ नये.

## मग हे सगळं थोतांड का?

अजिबात नाही. जागा चुकली आहे, गुण खरा आहे.

मासळीच्या तुकड्यावर कायटोसॅनचा पातळ थर दिला तर काय होतं बघा. मासळीत चरबी असते, रक्तातलं लोह असतं आणि वरून हवा लागत असते. ढकलाढकलीचं सगळं सामान एका जागी. इथे कायटोसॅनला रक्तात जायचं नाही की यकृतातून सुटायचं नाही. ते पृष्ठभागावरच बसतं, लोहाला धरतं, ऑक्सिजनला थोडं अडवतं आणि जंतूंची वाढही रोखतं. खवटपणा लांबतो. फळांवरच्या थरांत आणि वेष्टनाच्या पातळ पापुद्र्यांत हाच विचार आहे.

जखमेवरही त्याचं काम चोख आहे. आम्लात त्याच्यावर धन प्रभार येतो, तांबड्या पेशींवर ऋण. दोघं एकमेकांना ओढतात आणि रक्त थांबायला मदत होते. अशा पट्ट्या २००० च्या दशकापासून प्रत्यक्ष वापरात आहेत. फक्त याला अँटिऑक्सिडंटचा चमत्कार म्हणू नये.

## ॲलर्जी असेल तर?

कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी बहुतेकांना होते ती ट्रोपोमायोसिन या स्नायूंतल्या प्रथिनामुळे. कायटिन किंवा कायटोसॅनमुळे सहसा नाही. नीट शुद्ध केलेल्या कायटोसॅनमध्ये प्रथिन उरायला नको. पण 'नीट' किती नीट, हे डबीवरून कळत नाही. ज्यांचा घसा एकदा सुजला आहे त्यांनी प्रयोग स्वतःवर करू नये. कायटोसॅन बुरशीपासूनही बनतं, तो पर्याय आहे.

## आणि कचऱ्याचं काय?

'कचऱ्यातून संपत्ती' म्हणताना आम्ल आणि अल्कली विसरली जाते. फेस उतू घालवणारं ते आम्ल आणि टोप्या उतरवणारा तो सोडा शेवटी सांडपाण्यात उतरतो, आणि धुवायला भरपूर पाणी लागतं. म्हणून लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू आणि प्रथिनं पचवणारी विकरं यांच्याकडून तेच काम हळूहळू करून घ्यायचे प्रयत्न चालू आहेत. त्यात रंगही वाचतो.

रंग वाचवणं मात्र सोपं नाही. कवचं उन्हात पसरून ठेवली की केशरी छटा दिवसागणिक फिकी होत जाते. प्रकाश आणि हवा ॲस्टॅझँथिनला खातात, कारण ढकलाढकलीत पुढे होऊन खुर्ची देणं हाच त्याचा स्वभाव. अर्क काढायच्या आधीच ते बरंचसं देऊन बसलेलं असतं. कॅप्सूलच्या डबीवर मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचून बघा. त्यात बऱ्याचदा ई जीवनसत्त्व घातलेलं दिसेल, आतला अँटिऑक्सिडंट हवेनं खराब होऊ नये म्हणून.